कढीपत्त्याच्या मुळाशी

कढीपत्त्याच्या बुंध्याशी मुंग्या लागल्या होत्या. तसा त्या परसात मुंग्यांना कधीच तोटा नव्हता. काजूच्या दिवसांत तर पडवीच्या खांबावरून त्यांची वरात चढायची नि उतरायची. पण स्कूटी बाहेर काढताना हेल्मेट हातातून निसटलं, गडगडत झाडाशी जाऊन थांबलं, आणि ते उचलायला अपेक्षा वाकली तेव्हा तिला दिसलं, की मुळाशी मातीवर साय धरल्यासारखा पांढुरका पापुद्रा आहे. कालचा, त्याखाली परवाचा, त्याखाली त्याच्याही आधीचा. वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि मुंग्या त्याचे कपचे उचलून शिस्तीत घेऊन चालल्या होत्या. मग वास आला. आंबूस, गोडसर, अंगात घालून काढलेल्या कपड्यासारखा कोमट. या वासाची ओळख तिला कुणी करून द्यायला नको होती. तो तिच्या ब्लाऊजांना होता, उशीच्या अभ्र्याला होता, शाळेच्या बॅगेतल्या त्या कप्प्याला होता जिथे ती स्टीलचा डबा ठेवायची. ते तिचं दूध होतं.

अंगावरचं दूध पायदळी जाऊ देऊ नये. शिरोड्याला माहेरी, बाळंतपणाच्या पहिल्या दिवसांत छाती दगडासारखी होऊन ताप भरला तेव्हा आईने वाटी पुढे धरून पिळायला शिकवलं होतं आणि वर सांगितलं होतं, "खंयव टाकू नको हां. झाडाच्या मुळात ओत. कोणाचो पाय पडलो तर दूध आटता." म्हणजे ज्या हाताने हे ओतलं होतं त्याने नेम पाळून ओतलं होतं. न्हाणीत सांडलं नव्हतं, गटारात भिरकावलं नव्हतं. रोज निगुतीने झाडापाशी येऊन, कदाचित पदर सावरून, डबा तिरका करून. हेच तिला जास्त झोंबलं. तिरस्कारातसुद्धा एवढी रीत! रोज संध्याकाळी तो डबा घासूनपुसून ओट्यावर पालथा घातलेला असायचा. "पियाली बाय?" ती उंबऱ्यातूनच विचारायची, आणि सासू पोरीला खांद्यावर थोपटत म्हणायची, "पियाली तर." त्या दोन शब्दांवर ती आजवर जगत आली होती. डब्याच्या पालथ्या बुडावर उन्हाची चकाकी बघून तिला कितीदा तरी बरं वाटलं होतं, की चला, आपण नसतो तेव्हाही आपल्यातलं काहीतरी पोरीच्या पोटात असतं.

पडवीवर सासू, प्रभावती, पाय पसरून बसली होती. पायांच्या पाळण्यात पोर उताणी होती. अन्वी तिचं नाव, पण सासूच्या तोंडी ती नुसती बाय. पोरीच्या मनगटाला दोरा बांधल्यासारखी वळी होती आणि वरच्या ओठावर, अगदी मधोमध, दूध पिऊन पिऊन आलेला बारीक फोड. तो आताशा वाळत चालला होता. तिने तो वाळताना पाहिला होता आणि त्याचा अर्थ लावायचं टाळलं होतं. "काय गो, पडलंस काय?" सासूने विचारलं. "हेल्मेट पडलां," ती म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला सरळ ऐकू आला, त्याचं तिला नवल वाटलं. ती तासिकेवर नेमलेली, कायम नव्हती; पहिला तास चुकला तर तिच्या जागी येऊन उभी राहायला मालवणात बी.एड. झालेल्या मुली कमी नव्हत्या. म्हणून मुळीच काही न बोलता तिने किल्ली फिरवली. आरशात पडवी लहान होत गेली. सासूने पोरीचा हात धरून तो टाटा करत हलवला. त्या वेळी तिला वाटलं, मागे फिरावं आणि तो हात त्या हातातून ओढून काढावा.

नववीचा वर्ग होता. फळ्यावर तिने वनस्पतीपेशी काढली, चौकोनी, दुहेरी रेघेची, आणि टेबलावर कांदा चिरला. कांद्याच्या आतल्या बाजूची पातळ साल सोलून पट्टीवर अंथरताना बोटांना कळते एवढीच असते, डोळ्यांना जवळजवळ नसते. आयोडिनचा थेंब पडला की तिच्यात विटा दिसू लागतात, विटेला वीट लावलेली लांबच लांब भिंत, आणि प्रत्येक विटेत एक गडद ठिपका. "तो केंद्रक," ती म्हणाली. "घराचा मालक म्हणा हवं तर." पोरी हसल्या. अक्षया नावाची मुलगी, जी प्रत्येक तासाला काहीतरी खुसपट काढायचीच, तिने हात वर केला. "मॅडम, ही भिंत जिवंत असते?" "पेशीभित्तिका? नाही. ती मृत असते. आधार देते, आकार देते, बस. तिच्या आत जे पातळ पटल असतं ते जिवंत. आत कुणाला घ्यायचं, कुणाला दारातूनच परत पाठवायचं, ते पटल ठरवतं." "मग भिंत कशाला हवी?" सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता आणि तिच्या डोळ्यांपुढे पडवी होती. भिंत कशाला हवी! चाळीस वर्षं एका जागी उभी राहून कडक झालेली, आतलं सगळं आटून गेलेली, आणि तरी जिच्याशिवाय घर उभं राहत नाही म्हणून जिला कुणी हात लावत नाही अशी ती भिंत. नवरा धनेश मडगावला औषधांच्या कंपनीत, पंधरवड्यातून एकदा येणार, आल्यावर आईच्या हातची सोलकढी पिऊन ढेकर देणार आणि म्हणणार, "आई आसा म्हणान आपला सगळा चलता." आहेच. सासूवाचून शाळा नाही, पगार नाही, काही नाही. याच आधाराचा तिला आता वीट आला होता. पुढे लयकारिका शिकवायच्या होत्या. पेशीतल्या त्या इवल्या पिशव्या, ज्यांच्यात पाचकरस भरलेला असतो. पेशी बिघडली की त्या फुटतात आणि जिच्यात राहतात तिलाच पचवून टाकतात. तिने ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि खडू जरा जास्तच दाबला गेल्याने मोडला.

तेवढ्यात खालच्या मजल्यावर, पहिलीच्या वर्गात, कुणीतरी पोर भोकाड पसरून रडलं. तिला त्या पोराचं काही देणंघेणं नव्हतं. पण छातीत मुंग्या आल्या, दोन्हीकडून, खांद्यापासून सुरू होऊन आत ओढत जाणाऱ्या, आणि पाझर फुटला. तिने वही छातीशी धरली. हे कुणाला विचारून होत नसे. परवा एसटी स्टँडवर मांजर ओरडली तरी झालं होतं. मघाशी झाडाशी वाकली तेव्हाही झालं असेल, तिच्या लक्षात आलं नसेल. म्हणजे वाया गेलेल्या दुधाकडे बघून शरीर आणखी दूध सोडत होतं. शरीराला अक्कल नसते, तिला वाटलं. कुणासाठी, कशासाठी, काही विचारत नाही. घंटा झाल्यावर ती प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत गेली. तिथे कडी नव्हती, म्हणून दाराला आतून स्टूल लावायचं. भिंतीशी मांडणी, मांडणीवर बरण्या. एकीत नानेटी साप वेटोळं घालून, एकीत खेकडा, एकीत मोरीची, म्हणजे शार्क माशाची, पिल्लं. मालवणच्या पोरांचे बाप समुद्रावर जाणारे, एखादी गाभण मोरी मिळाली की पोटातली पिल्लं पोरं शाळेत आणून द्यायची. औषधाचं पाणी संपलेलं असलं तर पिल्लं पिशवीत घालून कोपऱ्यातल्या फ्रीजमध्ये पडून राहायची, बरणीची वाट बघत. त्याच फ्रीजमध्ये, त्यांच्या खालच्या फळीवर, तिचा डबा. ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि डब्यात धार धरायची. बरण्यांतले डोळे पाठीला टोचत. पहिल्यांदा लाज वाटली होती, मग राग आला होता, मग तो राग रोजचाच झाल्याने त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

शिक्षकांच्या खोलीत चहा आला होता. "झाली का डेअरी?" भक्ती मॅडमनी विचारलं, मराठी शिकवायच्या त्या. "माझी दोन्ही मुलं पावडरवर वाढली हो. आज एक इंजिनिअर आहे." विज्ञानाचे प्रमुख सत्यवान परब सर वर न बघता म्हणाले, "फ्रीज संस्थेचा आहे, एवढंच माझं म्हणणं आहे. नमुन्यांसाठी दिलाय माजी विद्यार्थ्यांनी. मी तक्रार करत नाही, पण उद्या कुणी केली तर मला विचारतील." लवू शिपाई कपबश्या गोळा करत होता. "तोय एक नमुनोच ना सर," तो म्हणाला आणि सगळे हसले. तीही हसली. न हसणं परवडत नव्हतं. हसताना तिच्या मनात आलं, की एका अर्थी हे लोक बरे. यांचं वैर उघड्यावर आहे, चहाबरोबर मिळतं, चहाबरोबर संपतं. पडवीवर बसून, पोरीला थोपटत, "पियाली तर" म्हणत नाहीत.

आणि हीच बाई होती का ती? सव्वा महिना झाल्यावर शिरोड्याहून घरी आली तेव्हा याच सासूने तिच्यासाठी मोरीचं सांबारं केलं होतं, दूध यावं म्हणून. बाजारात भल्या पहाटे स्वतः गेली होती, कोळणीशी भांडून ताजी मोरी आणली होती, आणि ताटाशी बसून राहिली होती. "खा. आणिक खा. माका नको, तुकाच आसा." सांबाऱ्याला तिरफळाचा वास होता. नाक पुसत, घाम पुसत ती जेवली होती, आणि संध्याकाळी खरंच इतकं दूध आलं होतं, की पोरीला ठसका लागला होता आणि दोघी हसल्या होत्या. तोच एक दिवस होता बहुधा. मग ती शाळेत पुन्हा रुजू झाली आणि त्या हसण्याला कुठूनतरी बुरशी लागली. "आमी काय डब्यात भरून पाठवलां नाय," सासू शेजारणीला सांगताना तिने ऐकलं होतं. "आवस थंय दूध, दूध थंय पोर." आई असेल तिथेच दूध, असं तिचं म्हणणं. बाटली पहिल्यांदा कधी आली घरात ते तिला कळलंच नाही. "गायचां घेतलंय वायच, रात्री रडाक लागली तर," एवढंच सासू म्हणाली होती. आता पोर संध्याकाळी तिच्या मांडीवर आली की तोंड लावायची, दोनचारदा ओढायची, आणि मान फिरवून कुरकुरत बाजूला बघायची. बाटलीला ओढावं लागत नाही ना. बाजूला, म्हणजे सासूकडे. ओठावरचा फोड वाळला होता. पोर तोंड फिरवेल, छाती आटेल, आणि मग त्या घरात ती फक्त संध्याकाळी येणारी एक बाई असेल, जिच्या अंगाला खडूचा आणि स्पिरिटचा वास येतो. कढीपत्त्याच्या मुळाशी रोज हेच ओतलं जात होतं.

शेवटचा तास मोकळा होता. डबा फ्रीजमधून काढून तिने काडीच्या टोकाने एक थेंब काचपट्टीवर घेतला, वर झाकणकाच सोडली. का, ते तिचं तिलाच नक्की कळलं नव्हतं. बहुधा जे कुणाला नको आहे ते निदान एकदा नीट बघावं म्हणून. भिंग बदलून मोठं लावलं आणि स्क्रू फिरवत गेली. आधी धुकं. मग एकदम, कुणी पडदा ओढल्यासारखे, गोल. हजारो, बारीक, चकचकीत गोल, मोत्यांसारखे म्हणावे तर मोत्यांपेक्षा चपळ. ते जागच्या जागी थरथरत होते. स्निग्धकण. पाण्याचे रेणू चारी बाजूंनी ढुशा देत राहतात म्हणून ते हलतात, त्यांना स्वतःला हलायचं नसतं, काही नसतं. पोरांनी पेपरात 'सजीव हालचाल' लिहिलं तर ती लाल शाई करायची. पण त्यांच्यातून पट्टी सरकवत, सरकवत नेल्यावर एका कोपऱ्यात तिला ती सापडली. एकटी, मोठी, कणीदार, न हलणारी. निळ्या रंगाचा थेंब कडेने सोडल्यावर तिच्या आत केंद्रक उमटलं. पेशी. तिच्या अंगातून निघालेली, खरोखरची जिवंत, पोरीच्या पोटात जाऊन तिच्यासाठी रोगाशी लढायला निघालेली. ती श्वास धरून बघत राहिली. आणि इथे, या निळ्या ठिपक्यापाशी, सकाळपासून गिळलेला राग वर आला. तिने सूक्ष्मदर्शक स्कूटीवर तोंडाला बांधायच्या ओढणीत गुंडाळला. परब सर दोन वाजताच कणकवलीला मीटिंगला गेले होते. प्रयोगशाळेची चावी परत घेताना लवू म्हणाला, "मॅडम, बॅग फुगली आज." "वह्या आहेत," ती म्हणाली. पकडली गेली तर तासिकाही जाईल. जाऊ दे.

घरी पोचली तेव्हा ऊन घरापुढच्या खळ्यात तिरपं पडलं होतं, तांबूस, पण भरपूर. तिने सूक्ष्मदर्शक पडवीच्या पायरीवर ठेवला आणि खालचा आरसा उन्हाकडे फिरवला. सासू पोरीला कडेवर घेऊन बघत उभी राहिली.

"ह्यां काय हाडलंस?"

"शाळेतला यंत्र. बघा."

"माका काय कळता त्यातला?"

"कळतला. एक डोळो मिटा, एक लावा हंय."

तिने डबा उघडला, थेंब घेतला. डबा बघून सासूच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, पण तिने चष्मा काढला, पोरीला एका हाताने सावरत वाकली. पोरीने तिचा अंबाडा धरून ओढला तरी हलली नाही. कढीपत्त्याचं झाड तिथून दहा पावलांवर होतं आणि दोघींपैकी कुणी तिकडे बघत नव्हतं.

"हलतत गो," सासू अखेर म्हणाली. आवाज निराळाच होता. "किडे पडले काय?"

"किडे न्हय."

"मगे हलतत कित्याक? जिते आसत?"

उत्तर तिला पाठ होतं. 'नाही आई, ते तुपाचे कण. जिवंत पेशी असते, पण ती एखादी, आणि ती हलत नाही, गप असते, शोधावी लागते.' ती इतकी वर्षं पोरांना हेच शिकवत होती, की हलतं ते सगळं जिवंत नसतं. पण शोधायला ऊन उरलं नव्हतं, निळा रंग शाळेत राहिला होता, आणि तिला समजावायचं नव्हतंच. तिला मारायचं होतं. हातात धोंडा आपणहून आला होता.

"व्हय," ती म्हणाली. "जिते आसत. हरेक थेंबात आसत. आनी तुमी ते झाडाक ओतलात. रोज. माका तोंडार 'पियाली' म्हणान सांगलात."

सासू सरळ झाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. अपेक्षाला वाटलं, लागला घाव. आणि एक क्षण तिला इतकं गार वाटलं, की आजवर कशानेच वाटलं नव्हतं. पण तो क्षणच.

"तुका म्हायत होतां?" सासू म्हणाली. "जितां आसा म्हणान तुका आधीपासून म्हायत होतां? आनी तरी तू तां त्या मोरीच्या मेलेल्या पोरांच्या बाजूक ठेवलंस?"

"काय?"

"तूच सांगलंस! हसान हसान सांगलंस माका. 'आई, फ्रीजात वरती मोरीची पोरां आनी खालती माजो डबो.' हंयच बसान, भात जेवताना." सासूचा आवाज चढत होता, पोर रडवेली झाली होती. "पोटातच मेली ती. आवशीच्या पोटात. तेंच्या बाजूचा दूध मी माज्या बायेक देवचंय नाय. सर्प ठेवलेल्या घरातला देवचंय नाय. मीया टाकूक नाय तां. झाडाक घातलां. पायाखाली पडूक देवक नाय."

तिला आठवलं. खरंच सांगितलं होतं तिने, पुन्हा रुजू झाल्यावरच्या पहिल्याच आठवड्यात, गंमत म्हणून, सासूने हसावं म्हणून. सासू हसलीही होती, बहुधा. त्या हसण्याखाली काय होतं ते तिने बघितलं नव्हतं. पण आठवल्याने राग काही उतरला नाही, उलट त्याला बसायला जागा राहिली नाही म्हणून तो सैरभैर झाला.

"माका सांगाचा होतां मगे!"

"सांगून? तू शिकलेली. म्हणतलंस, म्हातारी येडी."

"मगे मी काय करू? नोकरी सोडू?"

"मी म्हटलंय सोड म्हणान? आमी लावणेक जाव, तेवा काय पोरां डब्यावर वाढली? दिवसभर चिखलात. माजी सासू दुपारची पोरग्याक घेवन मेरेर, शेताच्या बांदार, येय. शिव्यो घालीत येय माका, तोंड बघूक नको होतां तिका माजा. पण येय. मेरेर बसान पाजी मी, ती माका पाठ करून उबी रवी. तसां दूध पोटात जाता. फ्रीजातसून न्हय."

"मगे तुमी या की घेवन! कोणी धरल्यानी तुमका?"

"मालवणाक? एश्टीन?"

"व्हय. एश्टीन."

"येड लागलां तुका," सासू म्हणाली आणि पोरीला घेऊन आत गेली.

डबा पायरीवर तसाच राहिला. अपेक्षाने उचलला नाही, का उचलावा? सासूनेही नाही. तिने पोरीला मांडीवर घेतलं, पोरीने दोनदा ओढलं आणि मान फिरवली, आणि ती भिंतीकडे बघत बसून राहिली. सकाळी स्कूटी काढताना डबा पायरीवरच होता. झाकण घट्ट लावलेलं, वर एक करवंटी पालथी घातलेली. पाजलं नव्हतं, पण ओतलंही नव्हतं. झाकणाच्या कडेने मुंग्या फिरत होत्या, वाट न सापडल्यासारख्या. कढीपत्त्याशी एकही नव्हती. सासू दिसली नाही, आत चुलीपाशी भांडी आपटत होती.

परब सर यायच्या आत सूक्ष्मदर्शक जागेवर गेला. मधल्या सुट्टीत तिने स्टूल दाराला लावलं, भिंतीकडे तोंड केलं, ब्लाऊजची बटणं काढली आणि हात तसाच राहिला. नवा डबा आणलाच नव्हता. कशासाठी पिळायचं, कुणासाठी? काल विचारलं नव्हतं हे तिने स्वतःला, आज विचारलं, आणि छातीतून काही आलं नाही. दाबलं, तरी नाही. थेंब. तिने अंगठा बघितला. आटतंय. असंच आटतं तर, पाय न पडताही. तेवढ्यात व्हरांड्यात आवाज झाला. "ओ आजी, खंय चललास? आत वर्ग चालू आसत!" लवूचा. आणि त्यावर दुसरा, जो तिने झोपेतही ओळखला असता: "बायेची आवस खंय आसा ती सांग. बाकीचा माका काय नको तुजा."

स्टूल सरकलं. सासू दारात होती. घामाने निथळलेली, एका हातात छत्री, कडेवर टोपरं घातलेली पोर, रडून रडून लाल. तिने एकदा मांडणीकडे बघितलं, साप, खेकडा, मोरीची पिल्लं, आणि पोरीच्या डोळ्यांवर आपला तळहात धरला. मग खांद्यावरचा टॉवेल ओढून पिल्लांच्या बरणीवर टाकला.

"घे. एश्टीत जीव खाल्ल्यान माजो. पाजव."

"काय दिलात हिका सकाळपासून?"

"काय नाय. बाटली दिली नाय आज."

"उपाशी ठेवलात?"

"भूक लागल्याबिगर ती तुज्याकडे बघूची नाय," सासू म्हणाली. त्यात समजूत नव्हती, टोमणा होता, आणि तो बरोबर लागला. "बस थंय. खाली बस, भुयेर."

ती जमिनीवर बसली. पोरीने तोंड लावलं, ओढलं, काही आलं नाही, मान फिरवली, किंचाळली. पुन्हा लावलं. पुन्हा फिरवली. अपेक्षाच्या मानेवर घाम फुटला. तेवढ्यात दारात परब सर आले, मागे नववीच्या चारपाच मुली टाचा उंच करून. "काय चाललंय हे, मॅडम? प्रयोगशाळेत बाहेरची माणसं—" सासू वळली आणि दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिली, त्यांच्याकडे तोंड, हिच्याकडे पाठ.

"आत बाय पिता हा. भायर रवा."

"अहो आजी, ही शाळा आहे."

"म्हायत आसा. मास्तर मां तुमी? मगे तुमका ठावक आसतलां, दुधात जीव आसता. हलता तो. माका हिनाच दाखवल्यान, यंत्र घराक हाडून."

"सूक्ष्मदर्शक घरी नेला होतात?" परब सरांचा आवाज सासूच्या खांद्यावरून आत आला, सावकाश, चवीने. "आणि दुधात जिवंत काय हलताना दाखवलंत, ते आम्हालाही कळू दे. मुलीही ऐकतायत."

अक्षयाचा चेहरा सासूच्या काखेखालून दिसत होता, खुसपटासाठी टपलेला. एक वाक्य पुरे होतं. ते तुपाचे कण होते, आईंचा गैरसमज झाला. परब सरांचं समाधान झालं असतं, पोरींना बरोबर उत्तर मिळालं असतं, आणि दारात उभी असलेली ती पाठ उद्या एसटीत चढली नसती. तेवढ्यात पोरीने पुन्हा तोंड लावलं, रागाने, हिरड्या रोवून, आणि या वेळी सोडलं नाही. खांद्यापासून मुंग्या सुरू झाल्या.

"नेला होता, सर," ती म्हणाली. "जिवंत असतं त्यात."

"आयकलात?" सासू मागे न बघता म्हणाली. "आता चला. हिका काय इचारूचा तां मागसून इचारा."

पोरीचा घोट वाजला. एक, मग दुसरा, मग धाप टाकत भराभर. दुसऱ्या बाजूचं ब्लाऊजही भिजत चाललं. दारातली पाठ हलली नाही. घामाने पोलकं कण्याला चिकटलं होतं, अंबाड्यातून पोरीने ओढलेली एक बट सुटून लोंबत होती. अपेक्षा त्या पाठीकडे बघत राहिली. तिला ती पाठ आवडली नाही. उद्याही आवडणार नव्हती. दूध येत राहिलं.